इंग्रजी बोलायला शिकायचंय? अनोळखी माणसांच्या मुलाखती घ्या

मी परिषदांच्या नोंदणी टेबलावर काम करते. गळ्यात अडकवायचं नावाचं कार्ड द्यायचं, सभागृह कुठल्या मजल्यावर ते सांगायचं, कुणाची बॅग राहिली तर शोधून द्यायची. समोर येणारी बरीच माणसं इंग्रजीतच बोलतात, पण टेबलावर लागणारं इंग्रजी अगदी थोडं असतं. "धिस वे, प्लीज." "सेकंड फ्लोअर." "द सेशन स्टार्ट्स ॲट टेन." एवढ्यावर वर्षानुवर्षं भागतं आणि भाषा आहे तिथेच राहते. माझं इंग्रजी सुटं झालं ते मधल्या सुट्टीत लोकांना त्यांच्या कामाबद्दल प्रश्न विचारायला लागल्यापासून. आता टेबलावर येणाऱ्या नव्या मुलामुलींनाही मी हेच करायला लावते. ते कसं करायचं, ते इथे लिहिते.

मुलाखतच का? साध्या गप्पांमध्ये आपल्याला बोलण्यासारखं काहीतरी सुचावं लागतं आणि परक्या भाषेत नेमकं तेच सुचत नाही. मुलाखतीत विषय समोरच्याचा असतो. आपण थोडंच बोलायचं, पण ते नेमकं हवं, आणि ऐकायचं मात्र पूर्ण लक्ष देऊन. घरून तयार करून आणलेला पहिला प्रश्न पाठ केलेला असतो, त्यात सराव फारसा नाही. उत्तर ऐकल्यावर त्या उत्तरातूनच जागच्या जागी तयार करावा लागतो तो दुसरा प्रश्न. ऐकणं, समजणं, वाक्य जुळवणं आणि ते तोंडातून काढणं ही चारही कामं त्या एका प्रश्नात करावी लागतात. पुढे जे काही सांगणार आहे ते या दुसऱ्या प्रश्नापर्यंत पोचण्यासाठी आहे.

नुसतं ऐकून बोलता येत नाही, हे शिक्षणक्षेत्रात फार पूर्वी लक्षात आलं आहे. कॅनडात इंग्रजी घरांतली मुलं फ्रेंच माध्यमाच्या वर्गांत शिकत होती. मेरिल स्वेन यांनी त्यांचा अभ्यास करून 1985 मध्ये दाखवलं की, वर्षानुवर्षं फ्रेंच कानावर पडून मुलांना समजत तर उत्तम होतं, पण बोलण्या-लिहिण्यातलं व्याकरण मागेच राहिलं होतं. बोलायला भाग पडलं की आपल्याला काय येत नाही ते आपल्यालाच कळतं, असा त्यांचा मुद्दा. रोज तासभर इंग्रजी व्हिडिओ बघूनही तोंड उघडत नाही अशी तक्रार करणाऱ्यांना मी हे आवर्जून सांगते.

कुणाला विचारायचं

भीती वाटते ती नकाराची. "लोक वैतागतील", "वेळ नाही म्हणतील." शिकागोतल्या लोकलच्या प्रवाशांवर निकोलस एप्ली आणि ज्युलियाना श्रोडर यांनी प्रयोग केले, ते 2014 मध्ये प्रसिद्ध झाले. काही प्रवाशांना त्यांनी शेजारच्या अनोळखी माणसाशी बोलायला सांगितलं, काहींना गप्प बसायला. बोलणाऱ्यांचा प्रवास जास्त चांगला गेला. गंमत म्हणजे ज्यांना फक्त अंदाज करायला सांगितला होता, त्यांनी नेमकं उलट भाकीत केलं होतं. आपल्या मनातला नकार बहुतेक वेळा खऱ्या नकारापेक्षा मोठा असतो, हा माझाही अनुभव आहे.

तरी माणूस निवडायला शिकावं लागतं. जो वाट बघतो आहे, हात मोकळे आहेत, नजर इकडेतिकडे फिरते आहे, तो माणूस चांगला. प्रदर्शनात स्टॉलवर एकटाच उभा असलेला, संग्रहालयात बाकावर विसावलेला, परिषदेत दोन सत्रांच्या मधे कॉफीचा कप घेऊन उभा राहिलेला, ग्रंथालयाबाहेर कुणाची तरी वाट बघणारा. कानात इयरफोन, तोंडात घास, हातात फोन किंवा पायांत घाई असेल तर सोडून द्या. आणि एक गोष्ट मी अगदी बजावून सांगते: जो कामामुळे जागचा हलूच शकत नाही, ज्याच्यापुढे रांग आहे, त्याला पकडू नका. तो नाइलाजाने हसून उत्तर देईल, ती मुलाखत नव्हे. लहान मुलांना त्यांच्या पालकांशिवाय काही विचारू नका. जागा नेहमी चारचौघांतली, उजेडाची हवी. "चला, माझ्या खोलीवर बसून बोलू" असं कुणी म्हटलं तर आभार मानून निघायचं. आमच्याकडच्या मुली सुरुवातीला दोघीदोघी जातात, एक विचारते, एक ऐकते. ते फार चांगलं जमतं, कारण एकीच्या कानातून निसटलेलं दुसरीच्या कानात राहतं.

समोरचा मातृभाषेनेच इंग्रज किंवा अमेरिकन हवा असा हट्ट धरू नका. जगात इंग्रजी बोलणाऱ्यांपैकी बहुतेकांची मातृभाषा दुसरीच आहे. पुढे नोकरीत तुम्हाला फोन करणारा माणूस जपानी, ब्राझिलियन किंवा नायजेरियन असू शकतो. त्यांचे उच्चार आजच कानाला झाले तर बरंच. शिवाय ज्यांनी स्वतः ही भाषा कष्टाने कमावली आहे, ते जास्त धीराने बोलतात.

सुरुवातीचं वाक्य

हे एकच वाक्य पाठ करा, जिभेवर पूर्ण बसेपर्यंत: "एक्सक्यूज मी, आय ॲम लर्निंग इंग्लिश. मे आय आस्क यू अ फ्यू क्वेश्चन्स अबाउट युवर वर्क? इट विल टेक फाइव्ह मिनिट्स." यात आपण कोण, हवं काय आणि किती वेळ, हे तिन्ही येतं. शिकतो आहोत हे लपवू नये. ते सांगितलं की माणूस आपोआप थोडं सावकाश बोलतो, आणि आपण काहीतरी विकायला आलो आहोत ही शंकाही जाते. पाच मिनिटं म्हटलं की पाच मिनिटंच. त्यानंतर "दॅट वॉज फाइव्ह मिनिट्स. थँक यू सो मच" असं आपण होऊन म्हणा. समोरच्याला रस असेल तर तो स्वतःच पुढे बोलत राहतो. नाही म्हणाला तर "नो प्रॉब्लेम, हॅव अ नाइस डे" आणि बाजूला. का नाही, हे विचारायचं नाही.

विषय शक्यतो कामाचा, छंदाचा किंवा हातातल्या वस्तूचा घ्यावा. पगार, वय, लग्न, धर्म, देश का सोडला, असल्या प्रश्नांना हात लावू नका.

प्रश्नाची बांधणी

मराठीत विधानाचा प्रश्न करताना शब्द जागचे हलत नाहीत. "तुम्ही इथे काम करता", त्याला "का" जोडलं की झालं. इंग्रजीत सहायक क्रियापद उठून कर्त्याच्या पुढे जाऊन बसतं. म्हणून आपल्याकडून "व्हेअर यू आर वर्किंग?" असं निघतं, हवं असतं "व्हेअर आर यू वर्किंग?". "डिड" आला की क्रियापद मूळ रूपात राहतं: "डिड यू गो", "डिड यू वेंट" नव्हे. आणि गुंता असा की "कॅन यू टेल मी" ने सुरुवात केली की मधला क्रम पुन्हा सरळ होतो: "कॅन यू टेल मी व्हेअर यू वर्क?" कालावधी सांगताना "सिन्स टेन इयर्स" आपल्या तोंडी बसलेलं असतं, तिथे "फॉर टेन इयर्स" हवं. एवढ्या चार गोष्टी मुलाखतीत सतत लागतात. त्या नियम म्हणून पाठ करण्यापेक्षा पाच-सहा प्रश्नांच्या रूपात तोंडात बसवाव्यात.

आता माझी आवडती युक्ती. आपण ज्या काळात प्रश्न विचारतो, त्याच काळात उत्तर येतं. मग ज्या काळाचा सराव हवा, तो उत्तरातून काढून घ्यायचा. "व्हॉट डू यू डू फर्स्ट?" विचारलं की साध्या वर्तमानकाळातली वाक्यं ओळीने येतात: आय चेक, आय क्लीन, आय ओपन. "टेल मी अबाउट अ डे व्हेन समथिंग वेंट राँग" म्हटलं की भूतकाळाचा पूर येतो, आणि तोही गोष्टीच्या ओघात, म्हणून लक्षात राहतो. "हाऊ लाँग हॅव यू बीन डूइंग धिस?" ने "हॅव बीन" कानावर पडतं. "इफ यू हॅड टू टीच मी, व्हेअर वुड यू स्टार्ट?" ला उत्तर देताना माणूस "आय वुड" शिवाय बोलूच शकत नाही. व्याकरणाच्या पुस्तकात हे चार धडे असतात, इथे एक माणूस ते दहा मिनिटांत आपल्याशी बोलून जातो.

"डू यू लाइक युवर जॉब?" सारखे प्रश्न टाळा. "येस, आय डू" म्हणून माणूस मोकळा होतो आणि आपल्या हाती काही लागत नाही.

न समजलेला शब्द

न समजलेला शब्द आला की बरेच जण मान डोलावून पुढच्या प्रश्नाकडे वळतात. खरं तर मुलाखत तिथूनच सुरू होते.

एका सभागृहात संध्याकाळच्या कार्यक्रमासाठी पियानो लावायला एक गृहस्थ आले होते. दार उघडून देण्याचं काम माझ्याकडे होतं. काम आटोपून ते हत्यारं पिशवीत भरत होते, तेव्हा मी पाच मिनिटं मागितली. पहिला प्रश्न नेहमीचाच, "व्हॉट डू यू डू फर्स्ट?" आधी 'ए' स्वराची तार 440 हर्ट्झवर लावायची, मग त्या आधाराने बाकीचे स्वर, असं त्यांनी सांगितलं, आणि जाता जाता म्हणाले, "देन आय जस्ट लिसन फॉर द बीट्स." बीट म्हणजे ठेका एवढंच मला ठाऊक. पियानो लावताना ठेका कुठून आला? माझ्या वहीत पुढचा प्रश्न तयार होता. तो तसाच ठेवला आणि विचारलं, "सॉरी, व्हॉट डू यू मीन बाय बीट्स?"

त्यांनी पिशवीतून पाना पुन्हा काढला. पियानोत एकाच स्वरासाठी बहुतेक ठिकाणी तीन तारा असतात. 88 पट्ट्या आणि तारा मात्र सव्वादोनशेच्या आसपास. त्यातली एक तार त्यांनी अगदी किंचित सैल केली आणि पट्टी दाबली. सूर एकसंध न येता हेलकावे खात आला. "हिअर दॅट? वाव, वाव, वाव. दोज आर द बीट्स." दोन तारांची कंपनं जवळजवळ सारखी, पण पूर्ण सारखी नसली की हे हेलकावे येतात. एक तार 440 वर आणि दुसरी 442 वर असेल तर सेकंदाला दोन. मग ते तार हळूहळू आवळत गेले. "नाऊ इट्स स्लोइंग डाउन... स्लोअर... अँड नाऊ इट्स गॉन." हेलकावा थांबला आणि एकच सूर उरला.

लूझन, टायटन, स्लो डाउन, ऑलमोस्ट, गॉन. हे शब्द मी यादी करून कधीच पाठ केले नसते, आणि आता ते विसरणं शक्य नाही, कारण प्रत्येक शब्दाबरोबर तो आवाज आहे. मग मी विचारलं, "व्हॉट मेक्स इट डिफिकल्ट?" तर म्हणाले, एसीचा आवाज. सभागृहात आल्यावर आधी ते एसी बंद करायला सांगतात. म्हणजे मगाशी त्यांनी तो बंद का करवला होता, तेही कळलं.

भाषातज्ज्ञ मायकल लाँग यांनी 1980 च्या दशकात याच प्रकारावर भर दिला होता. बोलताना कुठेतरी अडतं, मग दोघं मिळून अर्थ मोकळा करतात, आणि त्या खटपटीत शिकणाऱ्याला भाषा आपल्या पातळीवर मिळते. यासाठी तीन वाक्यं पुरतात. शब्द अडला तर "व्हॉट डू यू मीन बाय..." आणि पुढे तो शब्द, ऐकू आला तसा. उच्चार चुकला तरी चालेल. पूर्ण वाक्यच निसटलं तर "कुड यू से दॅट अगेन, अ लिटल स्लोअर?" आणि समजलं असं वाटलं तर "सो, यू मीन..." म्हणून आपल्या शब्दांत परत सांगायचं. या तिसऱ्याचा फायदा सगळ्यात मोठा. आपण मोडकंतोडकं सांगतो, समोरचा "यस, एक्झॅक्टली" म्हणून तेच नीट वाक्यात पुन्हा म्हणतो. आपल्याच विचाराचं सुधारलेलं रूप लगेच कानावर पडतं, आणि कुणी चूक काढली असंही वाटत नाही. फक्त ते सुधारलेलं वाक्य तिथल्या तिथे एकदा आपणही म्हणून टाका.

थांबायला शिका

दहा भाषांतली संभाषणं मोजून 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं की, एकाचा प्रश्न संपून दुसऱ्याचं उत्तर सुरू होण्यात सरासरी सेकंदाचा पाचवा हिस्सा जातो. परक्या भाषेत एवढ्या वेगाने बोलणं आपल्याला झेपत नाही आणि आपण घाबरतो. पण मुलाखत घेणाऱ्याला थांबायची मुभा असते. मेरी बड रो यांनी 1970 च्या दशकात वर्गांमध्ये पाहिलं की शिक्षक प्रश्न विचारून सरासरी एकच सेकंद थांबतात. तो वेळ तीन सेकंदांपर्यंत वाढवला तर मुलांची उत्तरं लांब आणि विचारपूर्वक होतात. मोठ्यांचंही तसंच आहे. उत्तर संपलं असं वाटलं की मनात तीन आकडे मोजा, चेहऱ्याकडे बघत राहा. बऱ्याचदा माणूस "ॲक्च्युअली..." म्हणून पुन्हा सुरू करतो, आणि त्या "ॲक्च्युअली" नंतरचं बोलणं आधीच्या उत्तरापेक्षा कितीतरी चांगलं असतं. तेवढ्यात तुमचा पुढचा प्रश्नही जुळून येतो.

वहीत प्रश्न पूर्ण वाक्यात लिहून नेऊ नका. एकेक शब्द लिहा: फर्स्ट, राँग, टीच. पूर्ण वाक्य लिहिलं की डोळे वहीत जातात आणि कान बंद होतात.

रेकॉर्डिंग आणि घरचा अभ्यास

रेकॉर्ड करायचं तर आधी विचारा: "मे आय रेकॉर्ड धिस? ओन्ली फॉर माय प्रॅक्टिस." मग बटण दाबून तोच प्रश्न पुन्हा विचारा, म्हणजे संमतीही रेकॉर्डिंगमध्ये राहते. हा नुसता शिष्टाचार नाही. कॅलिफोर्नियात खासगी संभाषण रेकॉर्ड करायला सगळ्यांची संमती लागते, जर्मनीत न विचारता असं रेकॉर्ड करणं गुन्हा आहे. नाही म्हटलं तर फोन खिशात, मुलाखत तशीच चालू. रेकॉर्डिंग कुणाला पाठवायचं नाही, कुठे टाकायचं नाही, अभ्यास झाला की पुसून टाकायचं. नाव लिहायचीही गरज नसते. माझ्या वहीत "पियानोवाले", "नकाशे विकणाऱ्या बाई" अशाच नोंदी आहेत.

घरी सगळं ऐकत बसू नका. सगळ्यात अडखळलेली दोन मिनिटं निवडा आणि शब्दन् शब्द हाताने लिहून काढा. फोन बोललेलं आपोआप लिहून देतो, पण ते नंतर ताडून बघायला ठेवा. आधी आपले कान वापरा. दोन मिनिटांच्या बोलण्याला अर्धा तासही लागेल, तो लागू द्या. पुस्तकात सुटे दिसणारे शब्द बोलताना कसे चिकटतात ते तेव्हाच कळतं. "डिड यू" चं "डिज्यू" होतं, "गोइंग टू" चं "गोना". माणूस भरभर बोलतो असं आपल्याला वाटतं तेव्हा पुष्कळदा तो फक्त शब्द जोडून बोलत असतो.

लिहून झालं की आपले प्रश्न तपासा. प्रत्येक उत्तराच्या शेजारी, इथे आणखी काय विचारता आलं असतं, तो प्रश्न इंग्रजीत लिहा आणि मोठ्याने म्हणा. पुढच्या वेळी उपयोगी पडतो तो हा रकाना. नवे शब्द पाचच घ्या, आणि शब्दाबरोबर त्या माणसाचं पूर्ण वाक्य लिहा. पंचवीस शब्द लिहिलेल्या वह्या कुणी परत उघडत नाही.

समोरासमोर जमत नसेल तर भाषा शिकणाऱ्यांच्या ऑनलाइन गटांत व्हॉइस कॉलवर हेच करता येतं. तिथे हातवारे दिसत नाहीत, त्यामुळे "सो, यू मीन..." जास्त वेळा वापरावं लागतं.

अगदी नवख्यांनी पहिल्या वेळी फक्त एक प्रश्न आणि त्यावरचा दुसरा प्रश्न, एवढंच ठरवून जावं. दोन प्रश्न झाले की थँक यू. तेवढ्यावर परत आलेली मुलं पुढच्या सुट्टीत आपणहून पुन्हा जातात.

आणि निघण्याआधी एक प्रश्न नेहमी ठेवा: "इज देअर एनीथिंग आय शुड हॅव आस्क्ड?" तोवर माणूस मोकळा झालेला असतो, तुमच्या उच्चारांना सरावलेला असतो, आणि आता विषय तो स्वतः निवडतो. म्हणून वही लगेच मिटू नका, पेन हातात असू द्या, आणि जे उत्तर येईल त्यावर आणखी एक प्रश्न विचारा.